ठकूबाईचा निकाल

पिशवीतून पुस्तक काढून मी टेबलावर ठेवलं आणि चौघेही एकदम गप्प झाले.

मला वाटलं होतं, गलका होईल. हिंगमिरे झडप घालतील, पुस्तक उलटसुलट करून आवृत्ती कुठली, छापखाना कुठला ते बघतील. मुबारक म्हणेल, "अक्का, बाजी मारलीस." तसलं काही झालं नाही. मुबारकनं हातातली किटली खाली ठेवली. विमलबाईंनी नीट असलेला पदर पुन्हा नीट केला. तात्यांनी तोंडावर रुमाल धरला होता, तो तसाच राहिला.

"हे कुठं मिळालं?" हिंगमिऱ्यांनी विचारलं.

"सांगलीत. भाचीकडं गेले होते. रस्त्याकडेला जुनी पुस्तकं मांडून बसतात ना, तिथं. ढिगात वरच पडलं होतं बघा, जसं काय माझीच वाट बघत."

"वाचलंस?" तात्या रुमालाआडून म्हणाले.

"वाचीन कशी? आज निकाल आहे. आधी पान उघडायचं नाही, हा नियम कुणाचा?"

"आपलाच," असं म्हणून तात्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

ही गोष्ट तासगावातली. आता माझं वय झालं, दात तात्यांसारखेच गेले. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली होते. बाजारपेठेत मुबारक तांबोळीचं भाड्याने पुस्तकं देण्याचं दुकान होतं आणि मी तिथं झाडलोट करायची. दर रविवारी सकाळी दुकानाचं अर्धं दार ओढून घेऊन आत तळपे मंडळ भरायचं.

निळकंठ तळपे म्हणजे पुस्तकातले गुप्तहेर. उंच, किडकिडीत, बोलायला कमी, हातात कायम मिटलेली काळी छत्री. पाऊस असो, ऊन असो, ते छत्री उघडायचे नाहीत. गुन्हेगाराचं नाव घेतलं की मगच उघडायची आणि निघून जायचं. हे लिहिणारे गृहस्थ केव्हाच वारले होते. नवीन पुस्तक येणार नव्हतं. म्हणून मंडळ जुनीच पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचायचं आणि पुन्हा पुन्हा भांडायचं.

भांडणं कशावरून, तर छत्रीची मूठ वेताची की लाकडी. हिंगमिरे हे डॉक्टरांकडं कंपाउंडर. दिवसभर पुड्या बांधायच्या आणि डोक्यात तळपे. मुठीवरून ते आणि तात्या दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. एका पुस्तकात तळपे मासे खातात आणि बाकी सगळ्या पुस्तकांत त्यांना मासळीचा वाससुद्धा सहन होत नाही. त्यावर दोन रविवार गेले. शेवटी हिंगमिऱ्यांनी निवाडा दिला : तळपे मासे खात नाहीत, लिहिणारा चुकला. सगळ्यांना ते पटलं. मला तर फारच पटलं. तळपे आमचे होते, लिहिणाऱ्याचे नव्हते.

तळप्यांचा वाढदिवस कुठल्याच पुस्तकात दिलेला नाही. पण एका पुस्तकात ते म्हणतात, काल माझा वाढदिवस झाला, आणि समोर ताटात हुरडा असतो. एवढ्यावरून हिंगमिऱ्यांनी संक्रांतीनंतरचा पहिला रविवार ठरवला. त्या दिवशी मुबारक शेतातून हुरडा आणायचा आणि आमचा निकाल असायचा.

निकाल म्हणजे शेवटचं प्रकरण. त्याची आमची एक रीत होती. वाचणारा शेवटच्या प्रकरणाशी थांबायचा, पुस्तक मिटायचा. मग एकेकानं संशय सांगायचा. सगळ्यांचे संशय झाले की पुस्तक उघडायचं. गुन्हेगाराचं नाव आलं की सगळ्यांनी एका दमात ओरडायचं, "तळपे, छत्री!" आणि ज्याची पाळी असेल त्यानं दुकानातली काळी छत्री उघडायची. घरात छत्री उघडणं तात्यांच्या बायकोला अजिबात चालायचं नाही, म्हणून तर मंडळ दुकानात भरायचं. एकदा वाचलेलं पुस्तक वाढदिवसाला पुन्हा घ्यायचं, पण रीत तीच. माहीत असलं तरी संशय सांगायचा आणि ओरडायचं. देवाची गोष्ट माहीत असली म्हणून कीर्तनातून कुणी उठून जातं का?

तात्या म्हणजे दत्तोपंत उपळेकर. तारऑफिसातून निवृत्त झालेले. वाचायचं काम कायम त्यांचंच. आवाज असा की तळपे बोलायला लागले की अंगावर काटा यायचा. पण त्या वर्षी संक्रांतीच्या आधी त्यांचे सगळे दात काढले आणि कवळी काही बनून आली नव्हती. मागच्या रविवारी ते तोंडाला रुमाल लावून म्हणाले होते, "यंदा निकाल अनसाक्का वाचेल."

मला आधी खरंच वाटलं नाही.

मी अक्षर शिकले ते पन्नाशीनंतर, विमलबाईंच्या संध्याकाळच्या वर्गात. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही बायका बसायचो. बाकीच्या सही करण्यापुरतं शिकल्या. मला तळपे वाचायचे होते. विमलबाई मंडळातल्याच, मग त्या मला जास्त वेळ घेऊन बसायच्या. आता मी वाचत होते. सावकाश, बोट ठेवून, पण वाचत होते.

"मग पुस्तक मी निवडू?" मी विचारलं होतं.

"वाचेल तो निवडेल," तात्या म्हणाले होते.

माझं ठरलेलंच होतं. 'चंदनी पेटी'. तात्यांनी ते वाचून दाखवलं त्याला बरीच वर्षं झाली होती, पण त्यातला निकाल मला पाठ होता. वाड्यातली चंदनाची पेटी चोरीला जाते. सगळे ठकूबाई मोलकरणीवर आळ घेतात. मालक तिला अंगणात उन्हात उभं करतो. तळपे येतात, सगळ्यांचं ऐकून घेतात, आणि काही न बोलता अंगणात उतरतात. पहिल्यांदाच ते नाव घ्यायच्या आधी छत्री उघडतात, आणि ती ठकूबाईच्या डोक्यावर धरतात. म्हणतात, "आधी हिला सावलीत घ्या. मग मी डॉक्टरांशी बोलतो." चोर डॉक्टरच असतात.

तेवढं एक वाक्य स्वतः डोळ्यांनी वाचायचं, म्हणून मी अक्षर शिकले म्हटलं तरी चालेल.

कारण सांगते. मुबारककडं लागायच्या आधी मी एका बागायतदारांच्या घरी कामाला होते. धुणं, भांडी, दळण निवडणं. एक दिवस त्यांच्या पाटल्या सापडेनात. कुणी काही विचारलं नाही, सरळ शिपाई आला. मला चौकीत बसवून ठेवलं. तिथं बाईमाणूस नव्हतं म्हणून बागायतदारांच्या सुनेला बोलावलं. तिनं माझा अंबाडा सोडून केसांत हात घालून बघितलं. सगळ्यांसमोर. दिवेलागणीला मला सोडलं. पुढं पाटल्या त्यांच्याच घरात तांदळाच्या डब्यात मिळाल्या. ते मला दूधवाल्याकडून कळलं. येऊन कुणी सांगितलं नाही. आणि पेठेत ते कुणी ऐकलंही नाही. अनसा चौकीत होती एवढंच ऐकलं सगळ्यांनी. मग मला घरकाम कुणी देईना. मुबारकच्या आईनं त्याला सांगितलं, तिला दुकानात घे.

असं मी मंडळात आले. केरसुणी घेऊन दाराशी बसायची आणि ऐकायची. सुरुवातीला एका पुस्तकात असंच बंगल्यातलं काही चोरीला गेलं. निकालाच्या आधी संशय सांगायची वेळ आली. हिंगमिरे म्हणाले, मोलकरीण. मुबारक म्हणाला, मोलकरीण. तात्या हसून म्हणाले, यात काय सांगायचं, मोलकरीणच. मी केरसुणी ठेवली आणि घरी गेले. पुढचे रविवार गेलेच नाही, झाडायलाही नाही.

एक दिवस तात्या माझ्या दारात. एवढा मोठा माणूस, आमच्या गल्लीत, घामेजून.

"निकाल न ऐकता गेलीस," ते म्हणाले.

"ऐकायचं काय त्यात?"

"मोलकरीण नव्हती," तात्या म्हणाले. "मुनीम होता. तळप्यांनी बरोबर ओळखलं. आम्ही चुकलो सगळे."

मी पुन्हा जायला लागले. आणि खरंच, त्यानंतर इतकी पुस्तकं ऐकली, एकाही पुस्तकात मोलकरीण चोर निघाली नाही. मी वर्गातल्या बायकांना सांगायची, आमचे तळपे कामवालीवर कधी बोट ठेवत नाहीत. अख्ख्या जगात एकच माणूस निघाला तसा.

तर त्या रविवारी ते पुस्तक टेबलावर होतं आणि कुणी त्याला हात लावत नव्हतं.

"आधी हुरडा खाऊन घेऊ," मुबारक म्हणाला. "गार होईल."

"निकालाआधी कधी खाल्लाय का आपण?" मी म्हटलं.

"अक्का, ही आवृत्ती मला बरोबर वाटत नाही," हिंगमिरे पुस्तक न उघडताच म्हणाले. "सांगलीच्या रस्त्यावरची पुस्तकं. काहीही छापतात. आपण आपलं दुकानातलं घेऊ. 'विहिरीतला कंदील' घ्या. छान आहे."

"दुकानातलं 'चंदनी पेटी' कायम भाड्यानं गेलेलं असतं. मी कितींदा मागितलं मुबारककडं. हो की नाही रे?"

मुबारकनं मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते मला कळलं नाही.

आता मला काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. मी विमलबाईंकडं बघितलं. त्या माझ्या बाजूच्या, असं माझ्या मनात होतं.

"अक्का," त्या हळूच म्हणाल्या, "त्यात जोडाक्षरं फार आहेत. पहिल्याच वेळी नको. पुढच्या वर्षी वाचा ना ते."

ते मला फार लागलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चाललं असतं. शिकवणाऱ्या बाईच म्हणाल्या. मला वाटलं, म्हणजे इतके दिवस नुसतं माझं मन राखायला कौतुक चाललं होतं, आणि आज चारचौघांत वाचायची वेळ आली तर यांना माझी लाज वाटते. आणि मग आणखी एक जुनी गोष्ट डोक्यात आली. हे चौघे शनिवारीही बसायचे. दुकानात, मी झाडून गेल्यावर. मला कळायचं, कारण रविवारी चहाचे कप धुवायला जास्त निघायचे. मी एकदा विचारलं तर मुबारक म्हणाला, "अगं, पुस्तकांची बांधणी बघतो." चौघांनी मिळून कसली बांधणी? मी कधी बोलले नाही. मला वाटायचं, दाराशी बसणाऱ्या बाईला वगळून त्यांना काही बोलायचं असेल.

"तात्या," मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात, वाचेल तो निवडेल. मी अडखळले तर अडखळले. तुमच्या दातांपेक्षा तर बरं वाचीन."

कुणी हसलं नाही. एरवी तात्या पहिले हसले असते.

"वाच," ते म्हणाले.

"तात्या," हिंगमिरे म्हणाले.

"वाचू दे तिला. तिचा हक्क आहे."

रीतीप्रमाणे संशय सांगायचे होते. मी विचारलं तर मुबारक घाईनं "डॉक्टर" म्हणाला, विमलबाई "डॉक्टर" म्हणाल्या.  छत्रीची पाळी हिंगमिऱ्यांची होती, ते छत्री दोन्ही हातांनी गुडघ्यांत धरून बसले होते.

मी शेवटचं प्रकरण काढलं. बोट ठेवलं. सुरुवातीला अडखळले, मग जमलं. दिवाणखाना आला, मालक आला, डॉक्टर आले. तात्या वाचायचे तेव्हा इथं थांबून खोकायचे, तसं मीही खोकले. तळपे खुर्चीवरून उठले. आता ते अंगणात उतरणार म्हणून मी आवाज थोडा चढवला.

तळपे अंगणात उतरले नाहीत. पुस्तकात अंगण नव्हतंच. ठकूबाई दिवाणखान्याच्या दाराशी उभी होती.

" 'ठकूबाई,' तळपे शांतपणे म्हणाले," मी वाचलं, " 'तुझा अंबाडा सोड.' "

मी थांबले. मला वाटलं, ओळ चुकली. अशी चुकते माझी, बोट घसरतं. मी वरच्या ओळीपासून पुन्हा वाचलं. पुन्हा तेच आलं. मग वाटलं, हे पुस्तकात नाहीच, मला माझंच काहीतरी दिसतंय.

"बाई," मी विमलबाईंपुढं पुस्तक धरलं, "इथं काय लिहिलंय? मी चुकले असले तर सांगा. वर्गात सांगता तसं सांगा."

विमलबाईंनी पुस्तकाकडं बघितलंही नाही.

"नाही चुकलात, अक्का," त्या म्हणाल्या. "एक अक्षरही नाही चुकलात."

"पाहिलंत?" हिंगमिरे एकदम बोलायला लागले. "मी म्हटलं नव्हतं? आवृत्ती खोटी आहे. कुणीतरी मधलं काढून नवीन घुसडलंय. हे असले छापखाने—"

मला ते इतकं बरं वाटलं. मी पुस्तक मिटणारच होते.

"हिंगमिरे, पुरे," तात्या म्हणाले. त्यांनी रुमाल काढला. दातांशिवाय त्यांचं तोंड लहान मुलासारखं दिसत होतं. "पुस्तक खरं आहे, अनसाक्का. वाचणारा खोटा होता."

"म्हणजे?"

"म्हणजे असंच लिहिलंय. पेटीची किल्ली तिच्या अंबाड्यात निघते."

"आणि ते ऊन? ती छत्री तिच्या डोक्यावर?"

"ते पुस्तकात नाही."

मी सगळ्यांकडं बघितलं. कुणाला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

"अजून कशात नाही?" मी विचारलं. "अजून कुठल्या पुस्तकात?"

"जिथं जिथं असं होतं, तिथं तिथं."

"मग तो मुनीम? तुम्ही माझ्या दारात येऊन सांगितलात तो पहिला?"

तात्यांनी खाली बघितलं. "त्या पुस्तकात मुनीम नव्हताच," ते म्हणाले.

मी उठून बाहेर गेले आणि दुकानाच्या पायरीवर बसले. रविवारची पेठ. समोर बोळाच्या तोंडाशी बेदाण्याचे डबे गाडीवर चढत होते. मला राग आला होता का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आला असला तर कुणाचा? तात्यांचा म्हणावं, तर त्यांनी काय वाईट केलं? तळप्यांचा म्हणावं, तर ते बिचारे छापील. पण तळपेही शेवटी त्या शिपायासारखेच निघाले. पाटल्या गेल्या, बोलवा अनसाला. आणि मी गावभर काय सांगत फिरत होते! एवढी शिकले, बोट ठेवून ठेवून, ते हे वाचायला?

मुबारक कप घेऊन आला आणि शेजारी बसला. 

"ते पुस्तक दुकानात होतं ना?" मी विचारलं.

"होतं. वरच्या फळीवर, मागं. तसली सगळी तिथंच."

"भाड्यानं गेलंय म्हणायचास."

"गिऱ्हाइकांनाही तेच सांगायचो. कुणी नेलं असतं, वाचलं असतं, पारावर बसून बोलला असता. तुझ्या कानावर गेलं असतं."

"आणि शनिवारी तुम्ही बसायचात ते?"

"रविवारचं ठरवायला. तात्या एकटे होते तोवर काहीही ठोकून द्यायचे. एका पुस्तकात त्यांनी गुन्हेगार केलेला माणूस आधीच मेलेला निघाला. तुला आठवत असेल, मग तो मेल्यावर परत आला असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली."

आठवत होतं. मला तेव्हा ते फार आवडलं होतं.

"आणि हिंगमिरे?" मी म्हटलं. "मुठीवरून भांडणारा माणूस तो. त्यांना हे चाललं?"

"नाही चाललं. पहिल्यांदा कळलं तेव्हा आरडाओरडा केला. पुस्तकात बदल म्हणजे पाप म्हणाले. पायरी उतरून गेले ते कितीतरी दिवस आले नाहीत." मुबारक हसला. "मग एका शनिवारी आले. म्हणाले, तात्यांचे शेवट पुराव्यात बसत नाहीत. ते बसवायचं काम माझ्याकडं द्या."

मी चहा प्यायले. तो गार झाला होता.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं होतं, अक्का?"

मी कप पायरीवर ठेवला. थोड्या वेळानं मी उठले.

"चल. निकाल अर्धा ठेवत नाहीत."

आत सगळे होते तसेच बसले होते. मी पुस्तक घेतलं आणि पुढं वाचलं. आता मी अडखळत नव्हते, हे मला वाचताना जाणवत होतं आणि ते चमत्कारिक वाटत होतं. ठकूबाईनं अंबाडा सोडला. किल्ली खाली पडली. ठकूबाई रडली. तळपे म्हणाले, पेटी हिनंच चोरली. मी ते नावही वाचलं, मोठ्यानं. आणि थांबले, कारण तिथं थांबायचं असतं.

कुणी ओरडलं नाही.

"तळपे, छत्री," मी एकटीच म्हटलं.

हिंगमिरे हलले नाहीत.

"पाळी तुमची आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग उघडा. नियम आहे."

"बसत नाही," हिंगमिरे म्हणाले.

"काय बसत नाही?"

"पुराव्यात बसत नाही." त्यांचा आवाज भांडताना चढायचा तसा चढला. "चोरीच्या दिवशी ठकूबाई सकाळपासून आडावर धुणं धुतेय. तिसऱ्या प्रकरणात आहे. दिवसभर वाकून धुणं धुणाऱ्या बाईच्या अंबाड्यात एवढी थोरली लोखंडी किल्ली राहील? पहिल्या पिळालाच आडात पडेल. कधी धुणं धुतलंय का या लिहिणाऱ्यानं?"

"पण छापलंय की तसं."

"छापलं असेल. मासेही छापलेत. माशांत चुकला, तसा इथंही चुकला. तळपे असं म्हणणारच नाहीत. मी नाही उघडणार."

आणि त्यांनी छत्री खुर्चीखाली सरकवून दिली.

मला हसू आलं की रडू, ते मला आता आठवत नाही. दोन्ही एकत्र आलं असेल. विमलबाई माझा हात धरून होत्या एवढं आठवतं. मी पुस्तक मिटलं.

"तात्या," मी म्हटलं, "मग बरोबर कसं ते सांगा."

"माझे दात कुठायत?"

"नसू देत. मला पाठ आहे. चुकलात तर मी सांगीन."

तात्यांनी खुर्ची पुढं ओढली. पुस्तकाशिवायच बसले. तोंडातून वारा जात होता, शब्द बोबडे येत होते, तळप्यांचा आवाज त्यात कुठंच नव्हता. तरी अंगण आलं. ऊन आलं. ठकूबाई उन्हात उभी राहिली, घामानं भिजली. तळपे पायऱ्या उतरले, एक शब्द न बोलता. तात्या खोकायचं विसरले, मी आठवण करून दिली, मग ते खोकले.

" 'आधी हिला,' " तात्या म्हणाले, " 'शावलीत घ्या.' "

"तळपे, छत्री!" सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडले.

हिंगमिऱ्यांनी खुर्चीखाली हात घालून छत्री ओढली आणि अशी फाडकन उघडली की तिची काडी फळीत अडकली आणि वरच्या मागच्या रांगेतली पुस्तकं धडाधडा खाली आली. त्यात मुबारकचं 'चंदनी पेटी'ही होतं, कधीच भाड्यानं न गेलेलं. ते माझ्या पायाशी पडलं. हिंगमिरे छत्री धरून तसेच उभे होते, थोडे माझ्या बाजूला कलून.

पुढच्या शनिवारी मुबारक म्हणाला, अक्का, संध्याकाळी थांब. तेव्हापासून आम्ही पाच जण बसायला लागलो. तात्यांची कवळी आली, पण वाचायचं माझ्याकडंच राहिलं.

आता तात्या नाहीत, हिंगमिरे नाहीत. विमलबाई मुलाकडं पुण्याला असतात. मुबारकचा नातू दुकानात मोबाइल विकतो, पण रविवारी सकाळी अर्धं दार ओढून घेतो, आणि काही नवे लोक येऊन बसतात. छत्री माझ्याकडं असते. तिची मूठ लाकडी आहे, त्यावर अजून भांडतात.

कधी कुणी नवीन येतं. आत बसत नाही, दाराशीच टेकतं. बँकेतला झाडूवाला, बसस्टँडवरचा एखादा हमाल, एकदा तर तुरुंगातून सुटून आलेला एक पोरगा होता. मी कुणाला काही विचारत नाही. संशय सांगून होतात. सगळे माझ्याकडं बघतात. शेवटचं प्रकरण उघडायच्या आधी मी चष्मा पुसते आणि दाराशी कोण बसलंय ते एकदा बघून घेते.